निरक्षर मुकादम

गेल्या मंगळवारी आमच्या ऑफिसात पुन्हा माकडं आली. खरीखुरी नाही, स्लाइडवर. टाइपरायटरसमोर बसलेला, कपाळाला आठ्या घातलेला एक चिंपांझी. बोलणारे साहेब वरच्या मजल्यावरचे. त्यांचं म्हणणं असं, की असंख्य माकडं अनंत काळ टाइपरायटर बडवत बसली तर कधीतरी शेक्सपिअर बाहेर पडणारच, हे गणिताने सिद्ध झालंय. आपल्याकडे तर आता माकडांपेक्षा कितीतरी हुशार यंत्रं आहेत, ती रात्रंदिवस बडवतायत, तेव्हा तुम्ही फक्त व्हॉल्यूम वाढवा, क्वालिटी आपोआप येईल. लोक हसले. मीही हसलो. अप्रेझल जवळ आलंय.

पण मंगळवारचं ते हसणं शनिवार उजाडला तरी घशात अडकून बसलंय. म्हणून हे लिहायला घेतलं. चहा झालाय, बायको मंडईत गेलीय, दोनेक तास निवांत आहेत.

माझी तक्रार साधी आहे. हा विनोद लोक शंभराहून जास्त वर्षं करतायत, आणि ज्यांनी तो चांगला केला त्यांनी तो माकडावर केलेलाच नाही. तो आहे माकडाच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर. साहेबांच्या स्लाइडवर तो माणूसच नव्हता.

मुळापासून सांगतो. टाइपरायटरवाल्या माकडांचा सगळ्यात जुना ठाऊक असलेला उल्लेख एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाचा, १९१३ सालचा. (व्हॉट्सॲपवर फिरतं तसं हे थॉमस हक्सलीने १८६० साली बिशपशी भांडताना वगैरे म्हटलेलं नाही. तेव्हा टाइपरायटर बाजारातच नव्हता, तो १८७४ साली आला. १९३० साली जेम्स जीन्स यांनी आपल्या पुस्तकात हक्सलीचं नाव घालून सहा माकडांची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून ही थाप चालू आहे.) तर बोरेल म्हणतो, समजा दहा लाख माकडांना टाइपरायटर बडवायला शिकवलं. रोज दहा तास ड्युटी. देखरेखीला मुकादम. हे मुकादम काळे झालेले कागद गोळा करतात आणि त्यांचे खंड बांधतात. वर्षाअखेर बघावं तर त्या खंडांमध्ये जगातल्या श्रीमंत ग्रंथालयांतल्या सगळ्या पुस्तकांच्या हुबेहूब प्रती!

आता बोरेलने त्या मुकादमांना लावलेलं विशेषण ऐका. निरक्षर. आणि तो ते एकदा नाही, दोनदा लिहितो. गणितासाठी त्याची काडीची गरज नव्हती. मुकादम एम. ए. पीएच. डी. असते तरी संभाव्यता तीच राहिली असती. पण बोरेलला चित्र पुरं करायचं होतं: लिहिणाऱ्याला कळत नाही काय लिहिलं, गोळा करणाऱ्याला कळत नाही काय गोळा केलं, आणि पुस्तकं मात्र बांधून तयार. हा खरा विनोद, आणि तो पहिल्याच दिवशी, एका गणितज्ञाने, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवरच्या लेखात करून ठेवलाय.

शिवाय बोरेल हे होईल म्हणून सांगत नव्हता. उलट, कधीच होणार नाही असं जे काही आहे त्याचं उदाहरण म्हणून त्याने माकडं आणली. १९२८ साली एडिंग्टनने ब्रिटिश म्युझियममधल्या पुस्तकांसाठी माकडांची फौज बसवली तीही त्याचसाठी. भांड्यातल्या वायूचे सगळे रेणू आपणहून एका अर्ध्या भागात जमा होण्यापेक्षा माकडांनी ती पुस्तकं लिहिणं जास्त शक्य आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे अशक्यतेची मोजपट्टी म्हणून जन्माला आलेलं माकड आज 'सगळं शक्य आहे' अशी पाटी गळ्यात घालून फिरतंय.

थोडं गणित आपल्या भाषेत करू. पन्नास कळांचा मराठी कीबोर्ड धरा, शिफ्टची भानगड सोडून द्या. आपलं माकड सेकंदाला एक कळ दाबतं, झोपत नाही, जेवत नाही. त्याला 'माकड' हा शब्द लिहायचाय. म, काना, क, ड. चार कळा. पन्नासाचा चौथा घात म्हणजे साडेबासष्ट लाख. सरासरी तेवढे सेकंद, म्हणजे ७२ दिवस. बरं झालं की! आता 'माकडचेष्टा' लिहायला सांगा. मात्रा, पाय मोडायची कळ, काना सगळं धरून दहा कळा. सरासरी सुमारे तीनशे कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय साधारण साडेचारशे कोटी. शेक्सपिअर राहिला बाजूला, एक मराठी जोडाक्षर आलं की माकडाचं कंबरडं मोडलं.

सिडनीच्या दोन गणितज्ञांनी, वुडकॉक आणि फॅलेटा यांनी, २०२४ साली हाच हिशोब नीट मांडला. तीस कळा, सेकंदाला एक. एका चिंपांझीने आयुष्यभर टाइप केलं तर त्याच्या हातून इंग्रजीतला 'बनानाज' हा शब्द उमटण्याची शक्यता सुमारे पाच टक्के. आणि दोन लाख चिंपांझी विश्वाच्या अंतापर्यंत बसवले तरी शेक्सपिअर होत नाही. बातमी वाचून लोक खूष झाले. मला वाटलं, बोरेलला १९१३ सालीच हे माहीत होतं राव.

पण मला त्या ७२ दिवसांत जास्त रस आहे. ७२ दिवसांत माकडाने साडेबासष्ट लाख अक्षरं बडवलीयत. पानाला दोन हजार धरली तर सव्वातीन हजार पानांना थोडी कमी. त्या ढिगात कुठेतरी एकदा 'माकड' आहे. ते शोधणार कोण? तुम्ही म्हणाल, सर्च मारू, त्यात काय! बरोबर. पण सर्च मारायला काय शोधायचं हे आधी ठाऊक लागतं. 'माकड' हा शब्द तुमच्याकडे आधीपासून होता म्हणून तो सापडला. माकडाने तुम्हाला काहीच दिलं नाही. ज्या दिवशी ते तुम्हाला माहीत नसलेलं काही चांगलं लिहील, त्या दिवशी तुमचा सर्च गप्प बसेल, आणि तिथे वाचणारा माणूस लागेल. सगळा, सव्वातीन हजार पानांचा ढीग वाचणारा.

आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे. घुणाक्षरन्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो आपला पोटासाठी कुरतडत जातो, आणि कुरतडता कुरतडता कधीतरी अक्षरासारखी आकृती उमटते. या न्यायाच्या नावातच बघा, किडाही आहे आणि अक्षरही. अक्षर ओळखणारा कोणीतरी लाकडापाशी वाकून उभा होता म्हणून न्याय झाला, नाहीतर ते नुसतं भोक. आणि आमच्या पूर्वजांनी त्या किड्याला दहा लाखांची टीम देऊन डेडलाइन लावली नाही.

आता विनोदी लेखकांकडे येतो. हा माल खरा त्यांचा.

टाइपरायटर यायच्या दीडशे वर्षं आधी, १७२६ साली, जोनाथन स्विफ्टने 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये हे यंत्र बांधून ठेवलंय. लगाडोच्या अकादमीत एक प्राध्यापक असतो. त्याची वीस फूट लांब, वीस फूट रुंद चौकट. तीत लाकडी ठोकळे, ठोकळ्यांवर भाषेतले सगळे शब्द. चाळीस पोरं लोखंडी दांडे फिरवतात की शब्दांची मांडणी बदलते. मग छत्तीस पोरं ओळी वाचतात, तीनचार शब्द जरा वाक्यासारखे लागलेले दिसले की उरलेल्या चौघांना सांगतात, ते उतरवून घेतात. दिवसाला सहा तास काम. प्राध्यापकाचा दावा असा, की या यंत्राने अगदी अडाणी माणूससुद्धा थोड्याशा खर्चात आणि अंगमेहनतीत तत्त्वज्ञान, काव्य, कायदा, गणित अशा विषयांवर पुस्तकं लिहू शकेल, प्रतिभा नको की अभ्यास नको. आणि आता लोकांनी वर्गणी काढून अशा पाचशे चौकटी उभारल्या पाहिजेत म्हणजे काम भराभर होईल! तीनशे वर्षांपूर्वीचं फंडिंग राउंड. मी यापेक्षा नवीन पिच डेक अजून पाहिलेलं नाही.

पण स्विफ्ट बारकाईने लिहितो. त्याच्या कारखान्यात चाळीसातली छत्तीस पोरं वाचायला आहेत. दांडे फिरवायचं काम क्षणभराचं, बाकी वेळ वाचन. प्राध्यापक श्रेय यंत्राला देतो, आणि सगळं काम करतात ती पोरं. त्यांचं नाव नाही.

रसेल मलोनी नावाच्या लेखकाची १९४० सालची एक कथा आहे, 'इनफ्लेक्सिबल लॉजिक', न्यूयॉर्करमध्ये आलेली. बेनब्रिज नावाचा एक पैसेवाला गृहस्थ पार्टीत ही माकडांची गंमत ऐकतो आणि सहा चिंपांझी आणून खरंच कामाला लावतो. (सहा हा आकडा जीन्सपासून रुजला असावा.) आता तुम्हाला वाटेल, ते कचरा लिहितील. नाही! पहिला कागद चढवल्यापासून ते अचूक लिहितात. डिकन्सची अख्खी कादंबरी, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. एकापाठोपाठ एक ग्रंथ. बेनब्रिज गणिताच्या मॅलर्ड नावाच्या प्राध्यापकाला बोलावतो. प्राध्यापक आधी शांत. नाणं शंभर वेळा ओळीने छापा पडू शकतं, त्यात काय, लवकरच गोंधळ सुरू होईल, म्हणतो. गोंधळ सुरू होत नाही. शेवटी तो पिस्तूल घेऊन येतो आणि चिंपांझींना गोळ्या घालतो, त्यात बेनब्रिज जातो, तो स्वतःही जातो. शेवटचा चिंपांझी मरता मरता नवा कागद चढवून 'अंकल टॉम्स केबिन' सुरू करतो.

मी ही गोष्ट कॉलेजात असताना वाचली तेव्हा चिंपांझींना हसलो होतो. परवा परत वाचली. चिंपांझी बिचारे आपलं काम करतायत हो. हसू येतं ते त्या दोन माणसांचं. एकाला निकाल जमा करत जायचा छंद, दुसऱ्याला आपला सिद्धान्त वाचवायचा. त्या घरात सहा जण टाइप करतायत आणि एकही माणूस पुस्तक म्हणून पुस्तक वाचत बसलेला नाही.

बाकीचे झटकन सांगतो. अमेरिकन विनोदवीर बॉब न्यूहार्टने यावर एक स्वगत रचलं होतं. त्यात त्याने माकडं दाखवलीच नाहीत, माकडांचे कागद तपासत फिरणारे कंटाळलेले इन्स्पेक्टर दाखवले. हॅम्लेटचं वाक्य सापडलं सापडलं म्हणतोय तोवर शेवटचा शब्द भलताच! डग्लस ॲडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड'मध्ये (१९७८ साली रेडिओवर, १९७९ साली पुस्तक) असंख्य माकडं दाराबाहेर उभी आहेत आणि त्यांना आपण तयार केलेल्या हॅम्लेटच्या संहितेबद्दल चर्चा करायचीय. म्हणजे या माकडांना आपण काय लिहिलंय ते कळतंय, आणि त्यांना वाचक हवाय. एका वाक्यात सगळं आलं. सिम्पसन्समध्ये १९९३ साली मिस्टर बर्न्सच्या बंगल्यात हजार टाइपरायटरांवर हजार माकडं बसलेली दिसतात. बर्न्स एक कागद उचलतो. डिकन्सची प्रसिद्ध सुरुवात जवळजवळ अचूक उतरलीय, एका शब्दात घोळ. म्हातारा संतापून माकडाला शिव्या घालतो. मालक वाचतो तेव्हा असं वाचतो. चूक दिसते, चमत्कार दिसत नाही.

या सगळ्यांत माझं आवडतं म्हणजे डेव्हिड आइव्ज यांची एकांकिका, 'वर्ड्स, वर्ड्स, वर्ड्स', १९८७. कोलंबिया विद्यापीठात एका पिंजऱ्यात तीन माकडं, नावं मिल्टन, स्विफ्ट आणि काफ्का. रोझेनबॉम नावाच्या डॉक्टरचा प्रयोग चालू आहे: हॅम्लेट लिहा. माकडं एकमेकांना विचारतात, हॅम्लेट म्हणजे काय? कुणालाच माहीत नाही. जे आपल्याला माहीतच नाही ते आपण लिहून झालं हे कळणार कसं? काफ्काने वीसेक ओळी नुसता 'के' बडवलाय. मिल्टन मोठ्याने वाचतो ती 'पॅराडाइज लॉस्ट'ची सुरुवात असते, आणि बाकीचे त्यावर ठीकठाक आहे असं मत देतात. शेवटी काफ्का कंटाळून परत टाइप करायला बसते आणि हॅम्लेटचा पहिला प्रवेश उतरू लागतो. रंगमंचावर कुणाला पत्ता नाही. प्रेक्षागृहात सगळ्यांना. पडदा. तिथे प्रेक्षक नसतील तर त्या एकांकिकेत काहीही घडलेलं नाही, तीन माकडं टाइप करतायत एवढंच.

आणि आता खरी माकडं. २००२ साली इंग्लंडात प्लिमथ विद्यापीठातल्या कलाविभागाच्या लोकांनी पेंटन प्राणिसंग्रहालयात सुलावेसी मकाक जातीच्या सहा माकडांच्या पिंजऱ्यात महिनाभर एक कॉम्प्युटर ठेवला. एल्मो, गम, हेदर, हॉली, मिसलटो आणि रोवन. टोळीतला म्होरक्या आधी दगड घेऊन कीबोर्डावर तुटून पडला. मग बाकीच्यांनी त्यावर मलमूत्रविसर्जन केलं. महिन्याचं उत्पादन पाच पानं, बहुतेक सगळी 'एस' या अक्षराची. (आइव्जच्या काफ्काचा 'के' आठवा. नाटककाराला हे पंधरा वर्षं आधी कळलं होतं.) ती पानं पुस्तक म्हणून छापली, नाव 'शेक्सपिअरच्या समग्र साहित्यासाठी टिपणं' अशा अर्थाचं. कला मंडळाने या कामाला दोन हजार पौंड दिले होते, त्यावरून वर्तमानपत्रांनी टवाळी केली.

मला वाटतं टवाळी करणाऱ्यांचंच चुकलं. हे लोक पहिल्यापासून सांगत होते की हा प्रयोग विज्ञानाचा नाही, कलेचा आहे. माकड हे यादृच्छिक आकडे काढायचं यंत्र नाही, त्याला मन आहे, कंटाळा आहे, 'एस'ची कळ आवडते. हे पाच पानांत जितकं स्वच्छ दिसलं तितकं शंभर वर्षांच्या गणितात दिसलं नव्हतं. दोन हजार पौंडांत इतकं कुणी शिकवेल तर मी आमच्या ट्रेनिंग बजेटमधून द्यायला तयार आहे.

आता आमची जमात, सॉफ्टवेअरवाले. आम्हीही मागे नाही. १ एप्रिल २००० रोजी इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आरएफसी २७९५ आला, असंख्य माकडांचा प्रोटोकॉल. अर्थात एप्रिल फूल. पण वाचून बघा, काय निगुतीने लिहिलाय! माकडांशी बोलायचा प्रोटोकॉल आहे, त्यांच्या रखवालदाराचा आहे, आलेला मजकूर जुन्या ग्रंथांशी ताडून पाहायचा आहे, आणि मजकूर नवाच असेल तर तो समीक्षकाकडे पाठवून मत मागवायचा वेगळा प्रोटोकॉल आहे. विनोद करणाऱ्या इंजिनिअरलाही समीक्षक वगळता आला नाही. डिझाइनच पुरं होत नव्हतं ना.

याउलट २०११ साली जेसी अँडरसन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ॲमेझॉनच्या क्लाउडवर लाखो आभासी माकडं सोडली आणि काही आठवड्यांत त्यांनी शेक्सपिअर पुरा केला अशी बातमी जगभर झाली. कसा केला? माकडं नऊ-नऊ अक्षरांचे तुकडे काढायची. तुकडा शेक्सपिअरमध्ये कुठेही सापडला की तिथे बरोबरची खूण. नऊ अक्षरांच्या एकूण शक्यता साधारण ५.४ लाख कोटी, कॉम्प्युटरला जमण्यासारख्या. म्हणजे अख्खा शेक्सपिअर डिस्कवर आधीच होता! उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर सोडवला. अँडरसनने पद्धत लपवली नव्हती, गंमत म्हणून केलं होतं, सिम्पसन्स बघून सुचलं असं तो सांगतो. दोष त्याचा नाही. दोष 'माकडांनी शेक्सपिअर लिहिला' असं छापून मोकळे होणाऱ्यांचा.

तर साहेब, तुमच्या स्लाइडकडे येतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आधी मान्य करतो. आजची भाषा लिहिणारी यंत्रं म्हणजे माकडं नाहीत. त्यांना माकड म्हणून हिणवणारे माझे काही मित्र आहेत, तेही चुकतायत. ज्या माकडाला 'माकडचेष्टा' लिहायला तीनशे कोटी वर्षं लागतात त्याची आणि सेकंदात आख्खं पान लिहिणाऱ्या यंत्राची तुलनाच नाही. ती यंत्रं माणसांनी लिहिलेलं प्रचंड वाचून शिकलीयत. मी स्वतः रोज वापरतो, झक मारत नाही, आवडीने वापरतो. माकडाचा कचरा ओळखायला अक्कल लागत नाही, 'एस एस एस' बघितलं की टाकलं. यंत्राचं चुकलेलं पान मात्र बरोबर पानासारखंच दिसतं. म्हणजे वाचणाऱ्याचं काम वाढलं. आणि तुम्ही नेमके वाचणारे कमी केलेत.

आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक मॅडम होत्या. चौदा वर्षांचा अनुभव. एका कर्जाच्या सिस्टिमचं काम होतं. कोड यंत्राने लिहिला, टेस्टही यंत्रानेच लिहिल्या, सगळं हिरवंगार. मी रिव्ह्यू केला, म्हणजे वरून खाली स्क्रोल केलं आणि ॲप्रूव्ह दाबलं. मॅडमनी वही काढली, साधा कॅल्क्युलेटर घेतला आणि एका खात्याचं बारा महिन्यांचं व्याज हाताने काढलं. दर महिन्याला पैसे पूर्णांकात आणताना कोड खालीच आणत होता. टेस्टमधली अपेक्षित उत्तरं त्याच कोडमधून काढलेली, मग त्या लाल होणार कशा? खात्यामागे फरक वर्षाला काही रुपयांचा. खाती किती असतात ते तुम्ही जाणता. मी त्या दिवशी बोरेलचा मुकादम होतो. कागद गोळा केले आणि खंड बांधला.

तीन महिन्यांनी मॅडमना 'रिलीज' केलं. कारण काय, तर टेस्टिंग आता ऑटोमेटेड आहे. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं तिथे मी होतो. मी बोललो नाही. हे इथे लिहून मी मोठा होत नाही हे मला कळतं, पण न लिहिता नुसत्या माकडांच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर ते जास्त वाईट दिसलं असतं.

आमचे अण्णा पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. प्रूफं घरी आणायचे. मी शाळेत असताना संध्याकाळी हस्तलिखित मोठ्याने वाचायचो, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि ते प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. स्विफ्टच्या छत्तीस पोरांतला मी एक. एकदा एका दिवाळी अंकाच्या कथेत लेखकाने लिहिलं होतं, 'दोघांनी चाळीस वर्षं संसार मांडला.' खिळे परत खणात टाकताना 'भ' चा खिळा 'म' च्या खणात पडला असणार, कारण प्रुफात आलं, 'दोघांनी चाळीस वर्षं संसार भांडला.' मी हसलो आणि म्हटलं, अण्णा, चूक. अण्णा पेन्सिल उचलून थांबले. व्याकरणाने ते वाक्य चूकच होतं. पण त्यांनी दुरुस्ती केली नाही. समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं आणि प्रूफ लेखकाकडे पाठवलं. लेखकाने प्रश्नचिन्ह खोडलं आणि 'भांडला' ठेवला. कथा तशीच छापली गेली.

अण्णांना त्या पानाचे किती पैसे मिळाले असतील! लेखकाचं नाव कथेवर आलं, कंपोझिटरची चूक अमर झाली, आणि त्या प्रश्नचिन्हाची नोंद कुठेच नाही. निर्जीव खिळ्याने केलेला तो खराखुरा घुणाक्षरन्याय होता. त्याचं वाक्य झालं ते दोन माणसांनी, एकापाठोपाठ एक, थांबून वाचलं म्हणून. साहेबांच्या हिशोबात ते थांबणं म्हणजे बॉटलनेक.

हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री मॅडमना पाठवलं. इतक्या महिन्यांत पहिलाच मेसेज, तोही माफी मागायचा सोडून हा. सकाळी उत्तर आलं. माझ्याबद्दल लिहिलंय ते राहू द्या, म्हणाल्या. फक्त साडेबासष्ट लाख सेकंदांचे दिवस ७२ होतात, तुम्ही ६२ लिहिलेत. वर दुरुस्त केलंय.